सायकलच्या टायरने झालेली गारपिटीची पाहणी

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
पीक विमा कार्यालय (गारपीट शाखा)

अर्जदार : कोबी पिकवणारी बाई, उतारावरचे शेत

विषय : गारपिटीची पाहणी कार्यालयातल्या लोखंडी कड्याने पुन्हा करणेबाबत व तोवर "नुकसान निरंक" हा शेरा स्थगित ठेवणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा पाहणी अहवाल, जो वाचून अर्जदाराच्या घरात आधी रडारड व नंतर हसाहस झाली.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार उतारावरच्या शेतात कोबी घेते. शेताचे वरचे टोक टेकडीला लागते आणि खालचे टोक थेट अर्जदाराच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबते. गारा पडल्या त्या दिवशी शेतातला कोबी काढणीला आलेला होता व त्याचा रीतसर विमा उतरवलेला होता. दाराशी एक गादीवाफा आहे. त्यात पुढच्या लागणीची बोटभर रोपे होती. त्यांचा विमा नव्हता.

२. अर्जदाराच्या दिरांचे टायर-पंक्चरचे दुकान आहे. माणूस मायेचा, पण शेती म्हटली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. दुकानातले जुने टायर टाकायला त्यांना जागा हवी आहे आणि काउंटरवर बसायला घरचे माणूस हवे आहे. गारांच्या दिवशी ते शेत मोजायला टेप घेऊनच आले होते. टेपचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे टोक ओढत ते मध्यावर पोचले आणि आभाळ फुटले.

३. त्यानंतर जे झाले ते सरकारी कागदावर लिहिणे शोभत नाही, तरी लिहिणे भाग आहे. उभा कोबी वाचणार नाही हे दिसताच घरातली सगळी माणसे वाफ्याकडे धावली. अर्जदाराने डोक्यावर पातेले घेतले. यजमानांनी न्हाणीघराचे दार बिजागरीसकट काढून आणले. सासूबाईंनी खाटेचे एक टोक धरले व दुसरे दिरांच्या हाती दिले. दिरांच्या डोक्यावर काहीच नव्हते, म्हणून सासूबाईंनी परात घातली. गारा वाजत होत्या, परात वाजत होती, पातेले वाजत होते. समोर वर्षाची मेहनत चेचली जात होती आणि ही चार माणसे वाफ्यावर वाकून पोट धरून हसत होती. का, ते अर्जदारास आजही सांगता येणार नाही. वाफा वाचला. शेतात मात्र कोबीचा एक गड्डा धड राहिला नाही.

४. गारा थांबल्यावर सासूबाईंनी निवाडा दिला. विम्याची भरपाई मिळाली तर सुनेने शेती करावी. न मिळाली तर शेतात टायर पडतील आणि सून दुकानात हवा भरायला बसेल. अर्जदाराचे यजमान आईचा शब्द मोडत नाहीत व बायकोचाही मोडत नाहीत, त्यामुळे त्या दिवसापासून ते बोललेलेच नाहीत. अर्जदारास हवा भरण्याबद्दल तिटकारा नाही. पण मातीत हात घातल्याशिवाय तिला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही, हे आपणांस नम्रपणे कळवण्यात येते.

५. पाहणीचा नियम असा : पाहणीसाहेबांनी शेताकडे पाठ करून उभे राहावे, गोल कडे खांद्यावरून मागे फेकावे, ते पडेल तिथले आतले पीक मोजावे. असे तीनदा करावे. कुणाची आवडनिवड आड येऊ नये म्हणून हा नियम आहे आणि तो उत्तम आहे. तथापि पाहणीच्या दिवशी कार्यालयातले लोखंडी कडे दुसऱ्या साहेबांनी नेले होते. पाहणीसाहेबांची गाडी पंक्चर झाली, ती नेमकी दिरांच्या दुकानासमोर. कडे नाही म्हणून साहेब परत फिरू लागले तेव्हा दिरांनी सायकलचा टायर काढून दिला. म्हणाले, "घ्या साहेब, हाही गोलच आहे."

६. अर्जदाराने बांधावरच हरकत घेतली होती. कडे पडले की पडून राहते, टायर पडला की चालू लागतो, आणि शेत उताराचे आहे. यावर साहेब म्हणाले, "बाई, नियमात गोल असं लिहिलंय. लोखंडी असं कुठं लिहिलंय?"

७. पहिल्या फेकीस टायर मधोमध पडला, एक उडी मारून उभा राहिला आणि शेतभर चेचलेला कोबी मागे टाकत उतारावरून घरंगळत थेट गादीवाफ्यात जाऊन आडवा झाला. साहेबांनी रोपे मोजली व लिहिले, पीक शाबूत.

८. दुसऱ्या फेकीस तो वाफ्याच्या कडेवरून उडाला, स्वयंपाकघरात शिरला, चुलीला वळसा घालून फडताळाखाली थांबला. टायरच्या आत कांद्याची टोपली होती. साहेबांनी चप्पल काढून आत येऊन पाहिले, हे त्यांच्या बाजूने नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजते. त्यांनी लिहिले, कांदे शाबूत.

९. तिसऱ्या फेकीच्या वेळी सासूबाई दाराशी बसल्या होत्या. टायर त्यांच्या डोक्यावरून अलगद खाली उतरला व मांडीवर विसावला. साहेब क्षणभर घोटाळले. पण नियम तो नियम. त्यांनी लिहिले, ज्येष्ठ महिला, एक, शाबूत. तिन्ही फेकींची सरासरी काढून नुकसान निरंक ठरवण्यात आले.

१०. या शेवटच्या नोंदीस सासूबाईंचा स्वतंत्र आक्षेप आहे. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत : "गुडघे दोन्ही गेले, दात निम्मे गेले, एका कानानं ऐकू येत नाही. आणि हा म्हणतो शाबूत! बघितलंय कधी नीट?" गुडघ्यांचा एक्स-रे सोबत जोडला आहे. कृपया सरासरीत धरावा.

११. मध्यंतरी अर्जदाराच्या मनात पाप आले, तेही लपवत नाही. अहवाल चुकला तो वाफ्यामुळे, तर मग वाफाच तुडवून टाकावा, म्हणजे फेरपाहणीत टायर कुठेही गेला तरी नुकसानच सापडेल. घरात यावर एकमत झाले. चौघेही वाफ्यापाशी गेले. चौघांनीही पाय उचलला. दीर तर बूट घालून आले होते. बराच वेळ चौघेही एका पायावर उभे राहिले, मग एकेकाने पाय बांधावर टेकला. ज्याच्यासाठी डोक्यावर गारा झेलल्या ते पायाखाली कसे घालायचे?

१२. तरी फेरपाहणी लोखंडी कड्याने व सत्वर व्हावी, एवढीच मागणी करण्यास अर्जदार आज दाराशी अर्ज लिहायला बसली. फेरपाहणी होईतो शेताला हात लावू नये हा आपला नियम तिला पाठ आहे. परंतु महोदय, आज वाफसा आला आहे. माती ना चिखल, ना ढेकूळ. मुठीत धरली की गोळा होते आणि सोडली की मोकळी होते. अशी माती लागणीसाठी दोन दिवस थांबली तर थांबते. वरील कलम संपवून अर्जदार मान वर करते तो काय, सासूबाई वाफ्यातली रोपे काढून टोपलीत भरताहेत. नियमाची आठवण करून दिली तर म्हणाल्या, "साहेब येतील तेव्हा येतील. माती कुणाच्या बापासाठी थांबते का?" दिरांनी विचारले, मग तुझ्या निवाड्याचं काय? त्यावर सासूबाई म्हणाल्या, "निवाडा माझाच होता ना? बदलला. दोरी धर." सध्या यजमान चेचलेला कोबी उपटून बाजूला टाकत आहेत, दीर दोरी धरून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून मातीत उभे आहेत आणि ओळ वाकडी जाते आहे असे कुणी न विचारता सांगत आहेत. दुकानाला कुलूप आहे.

१३. यजमानही आत्ताच बोलले. म्हणाले, "अगं, तो अर्ज राहू दे. ये ना लवकर." इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज ऐकून अर्जदाराच्या हातून इथे शाई सांडली आहे. डागाबद्दल क्षमा असावी.

सबब विनंती की, भरपाई हक्काची आहे आणि अर्जदार ती सोडत नाही. आपण कडे घेऊन स्वतः जरूर यावे. मात्र हा अर्ज आपल्या हाती पडेल तोवर आपणांस दाखवायला आमच्याकडे नुकसान शिल्लक राहिलेले नसेल, नुसत्या हिरव्या ओळी असतील. तेव्हा येताना कृपया बांधावरूनच चालावे. रोपे आजच लावली आहेत.

आपली नम्र, आणि तूर्त फार घाईत असलेली,
(सही)
अर्जदार

दिनांक : आजचाच