सभा जिंकण्याची तयारी

२ एप्रिल १९७८, सकाळी.
ठरलं. यंदा कॉलनीच्या भीमजयंतीला स्वतःची कविता म्हणायची. 'माझी फुलपाखरं', वर्गातल्या मुलांवर. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, 'गुरुजी, चार ओळी म्हणा' असं एकदाही कुणी म्हणालं नाही. मुलांच्या मनात अजून आहे का मी? आणि सावळीरामाला दरवर्षी वन्स मोअर! माझाच विद्यार्थी, कारखान्यात फिटर. सूर बेताचा, शब्द खातो, तरी बाया डोळे पुसतात. त्याच्यात काहीतरी आहे. माझ्यातही असणारच. शिकवलं कुणी?

५ एप्रिल.
त्याच्या तालमीला बसलो. गुपित सापडलं. गाण्याआधी तो नुसता सगळ्यांकडे बघतो आणि हसतो. पर्सनॅलिटी म्हणतात ती हीच. घरी आरशापुढे बघितलं, हसलो. हिने विचारलं, दाढ दुखतीय का?

९ एप्रिल.
सेक्रेटरी देवरामने पाच मिनिटं दिली. वर म्हणे, 'आटपा हं गुरुजी, पब्लिक सावळ्यासाठी येतं.' बघू.

१३ एप्रिल.
घसा जपायला दिवसभर मौन. गवारीत मीठ नव्हतं, त्यामुळे दुपारपर्यंतच.

१४ एप्रिल, मांडवातून आल्या आल्या.
जिंकली! उभा राहिलो, बघितलं, हसलो. सभा चिडीचूप. शेंगदाण्याची पुडीसुद्धा वाजेना. माझ्याकडे शिकलेले चाळिशीचे बाप्ये ताठ बसले, त्यातल्या पुंजारामने तर हाताची घडी घातली. सावळीरामाच्या वेळी नुसता गलका. मला टाळी एकही नाही. भारावले असणार.

१५ एप्रिल, दुपारी.
सावळीराम पाया पडायला आला. मीच विषय काढला. कुठली ओळ आवडली? आठवत नाही म्हणाला. पुंजारामला कुठली? त्यालाही आठवत नाही म्हणे.
मग म्हणाला, 'रागावू नका गुरुजी. तुम्ही तसंच हसलात. छडी उचलायच्या आधी हसायचात ना, तसं. कविता कुणी ऐकलीच नाय. जो तो आपलं नाव पुकारतात का, वाट बघत होता.'
कवितेत मी लिहिलंय, फुलपाखरं माझ्या खांद्यावर बसायची.
त्यालाच वाईट वाटलं. म्हणाला, 'आत्ता म्हणा ना, दोघंच तर हाये. मी ऐकतो.'
वही उघडली, चष्मा लावला, त्याच्याकडे बघितलं. या वेळी हसलो नाही.
तरी त्याचे दोन्ही हात पाठीमागे गेले.