बाबांच्या पिस्तुलाची पिन

प्रिय बंधुराज,

'प्रिय' रीतीपुरतं. सव्वीस वर्षं संस्कृत शिकवल्यावर संबोधनावाचून पत्राला हात लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ घे.

आपलं आज्ञापत्र पावलं. बाबांना जाऊन तीन महिने होत नाहीत तोच तुला त्यांच्या वस्तूंतलं नेमकं पिस्तूल आठवलं. चष्मा नको, छत्री नको. पिस्तूल हवं, तेही 'चालू स्थितीत'. सोबत परवाना तुझ्या नावावर व्हायला ना-हरकतीचा छापील अर्ज, आणि मी सही कुठे करायची तिथे पेन्सिलीची फुली. शास्त्रीणबाईंना सही करायची जागा सापडणार नाही, ही तुझी काळजी मला स्पर्शून गेली. शेवटी ते वाक्य: 'माझ्या हातात तरी ते वाजेल.' मुलांच्या वहीत असं काही आलं तर मी लाल रेघ ओढते. इथे पेन मिटून ठेवलं.

बँकेच्या दारात बाबा एकोणीस वर्षं उभे राहिले, स्वतःचं परवान्याचं पिस्तूल कमरेला लावून. दरवर्षी तपासणीला नंबर जुळवायचे, शिक्का मारायचे, झालं. आणि मग ते दोघे तोंडं बांधून आत आले तेव्हा बाबांनी पिस्तूल काढलं, चाप ओढला, आणि नुसतं 'टिक' झालं. रोखपाल सांगत होता, दोघांतला एक हसला. मग त्याने बाबांच्या कपाळावर ठोसा मारला. पुढच्या महिन्यात बँकेने त्यांना घरी बसवलं. तू शनिवारी आलास आणि शेजारच्या काकांसमोर म्हणालास, चाप ओढलाच नसेल, मुळात भित्राच माणूस. बाबा खिडकीशी वर्तमानपत्र पसरून तेच पिस्तूल पुसत होते. दर रविवारी पुसायचे, त्या आठवड्यात शनिवारी पुसलं. त्यांनी मान वर केली नाही. तेव्हापासून तू त्यांच्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाहीस, आणि मी तुझ्याशी.

तरी आज्ञा ती आज्ञा. बाबा गेल्यावर चौकीत जमा केलेलं पिस्तूल दुरुस्तीच्या परवानगीवर सोडवलं आणि कापडी पिशवीत घालून, वर निबंधाच्या वह्या ठेवून, मी हिंडू लागले. पहिल्या दुकानदाराने ते उलटंसुलटं करून विचारलं, बाई, याच्या माहेरचं कोणी हयात आहे का? ते बनवणारा कारखाना बंद पडून चाळीस वर्षं झालीत. दुसरा म्हणाला, दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवा, शोभेल. तिसरा एका जिन्याखाली बसतो. कान जवळजवळ गेलेले, बोटं मात्र शाबूत. सुटा भाग जगात मिळत नसेल तर हा लोखंडातून तासून काढतो. त्याने ते पाच मिनिटांत मोकळं केलं आणि फायरिंग पिन, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसाच्या बुडावर आदळते ती सुई, चिमट्यात धरून भिंगाखाली नेली.

मग म्हणाला, "बाई, ही मोडलेली नाही, झिजलेलीही नाही. कानशीने घासलीय. टोक काडतुसाला पोचू नये, इतकीच."

मी म्हटलं, कुणी?

"ते मला कसं ठाऊक? पण घाईत नाही घासली. आणि कानस तीनधारी होती."

ती कानस माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे. मुठीला बाबांच्या जुन्या सदऱ्याची चिंधी गुंडाळलेली. मी तिच्यावर आजवर कात्रीला धार लावत आले. घरी येऊन पिस्तुलाची रिकामी पेटी उपसली. तळच्या मखमलीखाली तीन पत्रं निघाली, तीन गावच्या दुकानदारांची. तिन्हींत एकच उत्तर: या मॉडेलची पिन आता मिळत नाही. सगळ्यात जुन्या पत्रावरची तारीख तू नोकरीला लागून घर सोडलंस त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली.

म्हणजे तू घरात होतास तोवर त्यांना ते मुकं हवं होतं. तू गेलास आणि ते पुन्हा बोलतं करायला ते दारोदार पत्रं लिहीत राहिले, चोर येईपर्यंत.

आता तुला ती दुपार आठवत असेल. नसेल तर मी आहेच. तू वीस वर्षांचा, परीक्षेत दुसऱ्यांदा नापास, आणि ते बाबांना मी सांगितलेलं. कपाटाचं कुलूप तुला कधी अडवत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तू माझ्या छातीवर नेम धरलास. माझ्या हाताला कणीक होती. मागून बाबा आले, त्यांनी ते हळूच तुझ्या हातून काढून घेतलं, उघडलं, आणि आतल्या गोळ्या आपल्याला दिसल्या. तू म्हणालास, गंमत केली. बाबा काहीच म्हणाले नाहीत. बोलले असते तर चौकीत तुझं नाव लागलं असतं. पिस्तूल मोडीत काढलं असतं तर नोकरी गेली असती, आणि तुझी फी त्या नोकरीतूनच जात होती. त्यांनी तिसरा मार्ग काढला आणि एकटेच त्याच्यासह बँकेच्या दारात उभे राहिले.

कारागिराने नवी पिन तासून तयार ठेवली आहे. चोख बसते. मी ती बसवू दिली नाही. अर्जावर तुझ्या फुलीच्या जागी मी सही केली आहे, फक्त वर 'हरकत आहे' असं लिहून. कारण विचारतील तर ती दुपार मी कुठल्याही टेबलासमोर सांगेन. जुनी पिन त्याच कागदाला चिकटवून पाठवते आहे. तुझ्या वाट्याला बाबांचं एवढंच येतं. ते भित्रे होते हे तुझं म्हणणं मी आज मान्य करते. ते कशाला भ्यायले, ते पाकिटात आहे.

तुझीच, याला इलाज नाही,
ताई