पोरं वाल सोलायला येतायत

आई,

देवळातून आलात की आधी हे वाचा, मग चिडा. आज बालवाडीच्या पोरांना कापड विणायचे लूम दाखवायला न्यायचं होतं. आत्ताच लूमवाल्या चाचांचा फोन आला, "टीचर, आज लाइट नहीं है, बच्चों को कल लाना." आता नटूनथटून येणाऱ्या पोरांना वर्गात कसं कोंडून ठेवू? म्हणून त्यांना आपल्याच घरी आणतेय. तुम्ही त्यांना वाल सोलायला शिकवा.

वालांना मोड छान आलेत. भावजींची बदली झाली, तनया त्यांच्याबरोबर बंगळुरूला गेली, तरी तुम्ही नातीच्या वाटचे भिजवताच. मला दिसतं, मी बोलत नाही एवढंच. पातेल्यात कोमट पाणी घालून ठेवा. चिमटीत दाबला की दाणा कसा टुणकन उडतो, ते तिला दाखवायचात तसंच दाखवा.

तिचा छोटा पाट मीच माळ्यावर टाकला होता, समोर दिसायला नको म्हणून. आज पुसून खाली ठेवलाय. त्यावर कुणीही बसलं तरी उठवू नका. आणि माझे डोळे भरलेच, तर पोरांना सांगा, बाईंच्या डोळ्यात वाल उडाला.

निवेदिता