तुमच्याकडे

ठमाबाईस,

तुम्ही पोरं गेल्यावर जुनं घर खायला उठायचं, म्हणून या दोन खोल्यांत आलो. तुझे बाबा अजून दिव्याचं बटण उजवीकडेच चाचपतात. मी शहाणी! आंघोळीला म्हणून निघते आणि कपाटाचं दार उघडते. तुझी गादी मात्र टाकू दिली नाही. ती पायात पायात येते, बाबा करवादतात.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, सुट्टीत तुमच्याकडे येऊ का?"

आजवर "घरी येतेय" एवढंच सांगायचीस. विचारायची नाहीस.

मी म्हटलं, "ये की!"

हे पत्र टाकणार नाही. वाचून तू लगेच "घरी येते" म्हणशील, पण ते मी पढवलेलं असेल.

गादी उन्हात घातलीय.

तुझी,
आई