बटणाचं कुलूप

प्रिय आई,

तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार. बाबांचा गुडघा कसा आहे? काठी वापरतात की नुसती दाराशी उभी करून ठेवतात?

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. मी आखलेली खनिजाची गिरणी एकदाची उभी राहिली. मोठं लोखंडी पिंप फिरतं आणि आतले पोलादी गोळे दगडाचं पीठ करतात. तुझ्या मिक्सरसारखंच, फक्त आपल्या स्वयंपाकघराएवढं.

सोमवारी मात्र माझ्या काळजाचं पाणी झालं. मालक पाहुण्यांना घेऊन आले आणि म्हणाले, "चला, चालू करा." माझं बोट बटणावर होतं, तेवढ्यात दिव्याची वायर पिंपाच्या तोंडातून आत गेलेली दिसली. वेल्डर आत बसून सुटलेला पत्रा जोडत होता. मी हात मागे घेतला. कोणाला काही कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. मी बटणाला कुलूप बसवून घेतलं. जो आत जाईल, किल्ली त्याच्याच खिशात राहील.

आज वेल्डरला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "ताई, अजून एक पत्रा ढिला आहे. द्या ती किल्ली."

तो आत गेला. किल्ली त्याच्याकडे होती, तरी तो बाहेर येईपर्यंत मी बटणाला पाठ लावून उभी होते.

बाबांना मिक्सरपर्यंतच वाचून दाखव.

तुझीच,
धाकटी