आधी ख्यालीखुशाली

प्रिय चारुता,

तिकडे टूनगॅबीत तू वर्षानुवर्षं या इंग्रजीच्या परीक्षेला लोक बसवतेस, तरी तुझं डोकं ठिकाणावर कसं, ते सांग. माझं पार फिरलंय. नदा परत नापास झाली, आणि परत लेखनातच.

नदा माझी इराकी शेजारीण. मोसुलला बाळंतपणं करणारी नर्स होती. इथे टूवूंबात नर्स व्हायचं तर ही परीक्षा आडवी आली, म्हणून मी शिकवायला बसले. अरबीत 'आहे'वाचून काही अडत नाही, त्यामुळे बाईसाहेब 'शी टायर्ड' लिहून मोकळ्या. ते घासून घासून सुधारलं. 'आणि'ला 'आणि' जोडत पानभर चाललेली वाक्यंही तोडली. पण पत्राचं काय करू? पेशंटबद्दल डॉक्टरला पत्र लिहायचं असतं. ही आधी डॉक्टरची तब्येत विचारते, मग बायकामुलांची, मग सगळ्यांवर देवाची कृपा चिंतते. पेशंट बिचारा तिसऱ्या परिच्छेदापर्यंत तळमळत पडलेला. मी लाल पेनने खोडते, ती मान डोलावते, आणि पुढच्या पत्रात पालथ्या घड्यावर पाणी. काही न विचारता कामाचं बोलणं म्हणजे चपलांसकट कुणाच्या घरात शिरणं, असं तिचं म्हणणं.

आता ती म्हणते, पुरे झालं, मांसाच्या कारखान्यात जाते. सोमवारपासून. मला इतका संताप आला की काय सांगू. किती बाळं जगात आणलेले हात ते, आणि चार ओळींच्या शिष्टाचारापायी वाया जायचे. परीक्षेचा राग, तिच्या हट्टाचा राग, माझाही.

म्हणून लिहितेय. तिला तू शिकव, व्हिडिओवर, जमेल तेव्हा. पुन्हा बसायला मी तिला कसंबसं तयार केलंय. मी कंटाळले असं तुला वाटेल. कंटाळले आहेच, पण ते कारण नाही. विश्राम गेला, आमचा संसार संपला, तेव्हापासून इथले लोक भेटतात, बरी आहेस ना म्हणतात आणि उत्तराआधी गाडीत बसतात. नदा पुस्तक उघडायच्या आधी विचारते, झोप लागली का, जेवलीस का, आज त्याची फार आठवण आली का. आणि उत्तर संपेपर्यंत थांबते. त्यानंतर तिच्या पत्रातल्या त्याच ओळींवर मी लाल पेन चालवायचं. काल माझा हात उचललाच गेला नाही. तिला पास व्हायचंय, चारुता, आणि माझ्याच्याने ते आता खोडवत नाही.

तुझीच,
सुहासिनी