झाकलेलं ताट

लीड्स, इंग्लंड

प्रिय बाबा, प्रेमाचा सलाम.

मी बरी आहे. स्वेटर घालते.

आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या रूथनं नवं गीत रचलंय. घरी कुणाला उशीर झाला की आई ताट झाकून ठेवते, असं मी तिला सांगितलं होतं. गीतात देवही तसंच ताट झाकून आपली वाट बघतो. रविवारी सगळ्यांनी ते म्हटलं. मला एक ओळही म्हणता आली नाही.

नंतर रूथ म्हणाली, "आईला फोनवर नक्की ऐकव हं."

आई गेल्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं, बाबा. मी हो म्हणाले.

मातीला मी पोचू शकले नाही. निदान हे गीत तरी तिच्या कानावर पडायला हवं होतं.

तुम्ही वेळेवर जेवता ना? जेवायला कोण वाढतं?

तुमची,
सुनीती